‘च’ची वही: आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

मनातल्या ‘च’ला, म्हणजे ‘झालंच पाहिजे’सारख्या हट्टाला, लाल गोल करायची ही वही मागच्या जूनमध्ये सुरू केली, आता फेब्रुवारी लागला, म्हणजे आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पंधरा दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण पंधराव्या दिवशी मीपण दिले असते, ते ध्यानाच्या ॲपला.

आधी थोडं माझ्याबद्दल. डोंबिवली ते सीएसएमटी रोजची फास्ट लोकल, घरी दहावीतला मुलगा, सासूबाई, आणि नवऱ्याची फिरतीची नोकरी. मे महिन्यात गाडीत दोनदा छातीत इतकं धडधडलं की आता गेलेच असं वाटलं. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले एन्झायटीचं दिसतंय, समुपदेशकाकडे जाऊन या. तिथे बाईंनी सात प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, जीएडी-७ म्हणतात त्याला, ० ते २१ मार्क असतात आणि १० किंवा वर गेलात की नीट तपासून घ्या म्हणतात. मला १४ पडले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क पडल्याचं वाईट वाटलं.

मग सगळ्यांसारखं सगळं एकदम सुरू केलं. फोन रात्री हॉलमध्ये, सकाळी वीस मिनिटं चालणं, ते ॲप, कृतज्ञतेची डायरी आणि बाईंनी सांगितलेली ही वही. डायरी अकरा दिवस चालली, बाराव्या दिवशी तिसऱ्यांदा ‘आज चहा चांगला झाला’ लिहिताना माझी मलाच लाज वाटली. ॲपचे वर्षाचे पैसे भरलेत आणि त्यातल्या ताईंचा आवाज ऐकून मला गाडीत झोप लागते, तेवढाच उपयोग. चालणं जुलैच्या पावसात बंद पडलं, गणपतीनंतर परत सुरू झालं, आता आठवड्यातून चार दिवस होतं आणि त्या दिवशी मी कमी चिडते हे घरचे सांगतात. संध्याकाळी साडेपाचचा ऑफिसचा चहा सोडला, कारण त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात म्हणे, त्याने झोप नक्की सुधारली. फोन हॉलमध्ये ठेवायचा म्हणून गजराचं घड्याळ आणलं, ते इतकं टिकटिकतं की आता तेही हॉलमध्ये आहे.

वही मात्र टिकली.

प्रकार असा आहे. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक पद्धत काढली, मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. ए म्हणजे काय घडलं, बी म्हणजे त्यावर आपण मनात काय म्हटलं, सी म्हणजे त्यातून काय झालं. आपल्याला वाटतं ए मुळे सी झालं, एलिसचं म्हणणं मधला बी बघा. आणि बी मध्ये बहुतेक वेळा एक हट्ट बसलेला असतो, अमुक झालंच पाहिजे, तमुक होताच कामा नये. इंग्रजीत त्याला मोठा शब्द लागतो, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. बाई म्हणाल्या, रोज एक प्रसंग लिहा आणि ‘च’ला लाल पेनाने गोल करा. बस.

एक पान जसंच्या तसं देते. ए: प्रिलिमला भूमितीत ४० पैकी १९. बी: त्याने अभ्यास करायलाच हवा होता, मी लक्ष द्यायलाच हवं होतं, आता याचं काहीच होणार नाही. सी: ओरडले, जेवले नाही, रात्री दोनला टक्क जागी. तीन गोल. मग खाली परत लिहायचं, च न लावता: त्याने अभ्यास करावा असं मला फार वाटतं, केला नाही याचं वाईट वाटतंय, अजून सहा आठवडे आहेत. वाचायला किरकोळ वाटेल, पण लिहिताना हात अडतो, खरंच अडतो, च सोडवत नाही. आणि वाईट वाटायचं थांबत नाही बरं का, ते थांबवायचं पण नसतं, फक्त दोनला जाग येण्याइतकं राहत नाही. सासूबाईंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, माझी आई जात्यावर बसून हेच बडबडायची, पेन नव्हता एवढंच.

आता तोटे. एक, महिनाभरात दुसऱ्यांचे च ऐकू यायला लागतात. मी नवऱ्याला फोनवर तीनदा टोकलं, चौथ्यांदा त्याने फोन ठेवला. स्वतःच्या वहीपुरतं ठेवा. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, माझे साहेब रात्री दहाला फोन करायचे आणि मी तीन आठवडे रोज तोच ए लिहून स्वतःचा बी घासत बसले होते. बाईंनी वही चाळली आणि विचारलं, साहेबांना सांगून बघितलं का? नव्हतं सांगितलं. सांगितलं, दोन दिवस तोंड वाकडं झालं, मग फोन साडेआठच्या आत यायला लागले. म्हणजे ए बदलण्यासारखा असेल तर आधी तो बदला, वही सोसायची सवय लावायला नाहीये. तीन, फार खाली असाल, जगावंसंच वाटत नसेल, तर वहीचं हे काम नाही, डॉक्टर गाठा, नाहीतर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

खर्च: २०० पानी वही, लाल पेन, आणि बाईंची सहा सेशन्स, जी मला स्वस्त नाही पडली. जानेवारीत तो कागद परत भरला, ८ आले. यात चालण्याचं किती, चहाचं किती आणि वहीचं किती हे मला वेगळं काढता येत नाही. धडधड सप्टेंबरनंतर एकदाच झाली, कळवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी थांबून राहिली तेव्हा. पाचपैकी चार स्टार.

पहिली वही गेल्या आठवड्यात संपली. नवीन आणली तर चिरंजीवांनी पहिल्याच पानावर हा एवढा मोठा च काढून त्यावर फुली मारून ठेवलेली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, माझ्या वहीला हात लावायचाच नाही! आतून आवाज आला, आई, लाल पेन देऊ का?