सेस्ना १७२ आर : दीड वर्षाचा वापर आणि मध्येच उघडावं लागलेलं इंजिन

विमान चांगलं आहे, हे आधीच सांगतो. पुढचा बराचसा मजकूर खर्चाचा आहे आणि तो वाचून कुणी सेस्नाला दोष देऊ नये. आम्ही दोघा मित्रांनी ही १७२ आर, म्हणजे एका इंजिनाचं चार जणांचं छोटं विमान, भागीत घेतली, भारतातच नोंदलेली, एका खासगी मालकाकडून. मित्राची कापसाची जिनिंग आहे, माझा केळीचा आणि पाइपचा धंदा. दोघांकडे खासगी वैमानिकाचा परवाना. घेऊन दीड वर्ष झालं, पण त्यातले सहा-सात महिने विमान जमिनीवरच होतं. का होतं, ते सविस्तर लिहितो, कारण विकत घेण्याआधी मी शोधत होतो तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

खानदेशात लहान विमान ठेवायला तशी अडचण नाही. जळगावचा विमानतळ आहे, धुळ्याजवळ गोंदूर आहे, शिरपूरजवळ तांडे आहे. या भागात विमान शिकवणाऱ्या संस्था असल्यामुळे लहान इंजिनांवर हात बसलेले लोक इथेच भेटतात. आमची हिंमत झाली त्याचं हे मोठं कारण. इंदूर तासाभरात, नाशिकही तेवढंच. हिवाळ्यात सकाळी निघालं की खाली तापीचं पात्र, रावेर-यावलकडची हिरवीगार केळी, उजव्या हाताला सातपुडा. पंख वर असल्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. विमान हाताला इतकं समजूतदार आहे की वारा आडवा असला तरी उतरताना धाकधूक होत नाही. या बाबतीत माझी एकही तक्रार नाही.

उन्हाळा मात्र वेगळा. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास आहे. पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि पंखांना वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर उभे आहोत. १६० अश्वशक्तीचं हे इंजिन तेव्हा चार माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन चढत नाही. मे महिन्यात दोघंच बसायचं, टाक्या अर्ध्या ठेवायच्या आणि नऊच्या आत परत यायचं. दुसरी गोष्ट गरम इंजिन पुन्हा चालू करण्याची. या इंजिनात इंधन बारीक नळ्यांतून थेट सिलिंडरपाशी जातं आणि त्या नळ्या इंजिनाच्या डोक्यावरूनच जातात. उतरल्यावर अर्ध्या तासाने चावी फिरवली तर आतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. इंजिन नुसतं खोकतं. हा बिघाड नव्हे. इंजिनाच्या कव्हरवरची तेल बघायची खिडकी उघडी ठेवून नाक वाऱ्याकडे करायचं आणि गरम इंजिनाची पुस्तकात दिलेली पद्धत वापरायची. महिनाभरात हाताला सवय होते.

इंधनाचंही आधी पाहून ठेवा. प्रवासी विमानांत भरतात ते एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचं. ते यात चालत नाही. याला १०० एलएल ॲव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचं खास पेट्रोल लागतं. ते पूर्वी बाहेरूनच यायचं, सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात बनवलेलं बाजारात आणलं. आम्ही बॅरलने मागवतो. दोन्ही टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगं इंधन साधारण एका बॅरलएवढं, दोनशे लिटर होतं आणि तासाला तीस-बत्तीस लिटर जातं. या इंधनात शिसं असतं, त्यामुळे खालचे स्पार्क प्लग मधूनमधून काजळतात. ते साफ करायला फारसा खर्च येत नाही.

आता इंजिनाकडे येतो. लायकॉमिंग कंपनीचं आयओ-३६०-एल२ए. घेतलं तेव्हा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधणी, होऊन आठ वर्षं झालेली आणि तास चारशेच्या आत. ओव्हरहॉलची मुदत २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. कागदावर हे इंजिन तरणंताठं. खरेदीपूर्वी आम्ही परवानाधारक इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब धरून ठेवण्याची क्षमता, ८० पैकी ७४ च्या वर आलं, बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहिलं तर व्हॉल्व्ह स्वच्छ, भिंती गुळगुळीत. लॉगबुकात एकही खाडाखोड नाही. विकणाऱ्यानेही काही लपवलं नव्हतं, त्यालाही माहीत नव्हतं, हे मी आजही म्हणतो.

पहिला हिवाळा मजेत गेला. नंतर चढताना विमान जरा जड वाटायला लागलं. मित्र म्हणाला, ऊन वाढलंय. मलाही ते पटलं, कारण मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांची, चाचणी ठीक येत होती. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद केला की घट दीडशेच्या आत असावी आणि दोघांत पन्नासपेक्षा जास्त फरक नसावा. आमचे आकडे त्यात बसत होते. पण ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर फेऱ्या पुस्तकातल्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला अडकत होत्या. आवाज बिघडलेला नव्हता, तेलाचा दाब नेहमीचा, तापमान नेहमीचं. रखवालदार मामांना मात्र दुरूनच शंका आली. आम्ही लवकर परत आलो तेव्हा ते म्हणाले, “काय व्हयनं भाऊ?” तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेल बदलायची वेळ आली. लायकॉमिंगचा नियम ५० तास किंवा चार महिने, जे आधी होईल ते. आमचे इंजिनिअर साहेब फिल्टर नुसता बदलून फेकत नाहीत, कापतात. डब्याचं तोंड गोल कटरने कापलं, आतला घड्यांचा कागद सुरीने सोडवला, व्हाइसमध्ये दाबून तेल काढलं आणि तो कागद पांढऱ्या कापडावर पंख्यासारखा उलगडला. उन्हात धरल्यावर घड्यांच्या खोबणीत चमक दिसली. काळे मऊ कण कार्बनचे, ते बोटाने चिरडले जातात. हे चिरडले जात नव्हते. साहेबांनी खिशातलं छोटं चुंबक कागदावरून फिरवलं. बारीक, चपटे, कडा धारदार असलेले कण उठून त्याला चिकटले, एखाद-दुसरा तर तांदळाच्या कणीएवढा. साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, ॲल्युमिनियम असतं तर चुंबकाला आलं नसतं. हे स्टील आहे. आता उडवायचं नाही.”

त्यांनी एक सिलिंडर उतरवला आणि आरसा घालून आत दाखवलं. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्यावरचे उंचवटे म्हणजे लोब. त्यातल्या एका लोबचं टोक झिजून बोथट झालं होतं आणि त्याच्यावर चालणाऱ्या टॅपेटच्या तोंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते.

हे का होतं, ते प्रत्येक खरेदीदाराने समजून घेण्यासारखं आहे. लायकॉमिंगच्या या जातीच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर, पार माथ्यावर असतो. इंजिन चालू असताना उडणाऱ्या तेलाने तो भिजतो. बंद राहिलं की तेल निथळून खाली येतं आणि लोब कोरडे पडतात. पावसाळ्याची दमट हवा महिनोन्महिने आत राहिली की टॅपेटच्या कडक पृष्ठभागावर गंजाचे ठिपके येतात. पुढे इंजिन चालू झालं की त्या ठिपक्यांपासून कपचे सुटतात आणि खडबडीत टॅपेट लोबला खातो. आठ वर्षांत चारशे तास म्हणजे वर्षाला पन्नास, आणि लॉगबुक नीट पाहिलं तर जून ते सप्टेंबर बहुतेक वर्षी कोरेच. तास कमी असल्यामुळेच इंजिन बिघडलं.

आणि कॉम्प्रेशन चाचणीत हे दिसत नाही. ती चाचणी व्हॉल्व्ह नीट बंद होतो का आणि पिस्टनच्या रिंगा दाब धरतात का, एवढंच सांगते. लोब झिजला तर व्हॉल्व्ह बंद व्यवस्थित होतो, फक्त पुरेसा उघडत नाही. सिलिंडर अर्धाच श्वास घेतो. म्हणून चढताना जड, बाकी सगळं ठीक. बोअरस्कोप प्लगच्या भोकातून फक्त सिलिंडरच्या आत जातो, कॅमपर्यंत पोचत नाही.

पहिला प्रश्न आम्हीही तोच विचारला जो सगळे विचारतात: नुसता कॅम आणि टॅपेट बदलता नाही का येणार? नाही येत. या टॅपेटचं डोकं छत्रीसारखं रुंद असतं, ते बाहेरून निघत नाहीत. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्याचे, दोन भाग वेगळे करावे लागतात. त्यासाठी इंजिन विमानावरून उतरवावं लागतं. एवढं सगळं उघडून, धातूचे कण तेलाबरोबर सगळीकडे फिरलेले असताना, जुन्या बेअरिंगवर पुन्हा बांधायला कुठला इंजिनिअर सही करेल? आणि त्याने करू नये हेच बरोबर. म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल.

दोन रस्ते होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यातून बांधलेलं इंजिन मागवायचं आणि आपलं परत पाठवायचं, त्याचा हिशोब वाहतुकीसह पन्नास लाखांच्या पुढे जात होता. किंवा देशातल्या मान्यताप्राप्त ठिकाणी पाठवायचं. आम्ही दुसरा धरला. सुरुवातीचा अंदाज अठरा लाखांचा होता, शेवटी अठ्ठावीसच्या घरात गेला. वाढ कुठे झाली ते सांगतो. ओव्हरहॉल करताना ठरावीक भाग चांगले दिसले तरी बदलावेच लागतात, त्याची लायकॉमिंगची यादीच आहे, एसबी (सर्व्हिस बुलेटिन) २४० नावाची. ते अंदाजात होतं. नव्हतं ते असं: ऑइल कूलर, कारण त्यात अडकलेला धातू धुऊन पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही, दोन्ही मॅग्नेटो, इंजिन खाली आहे तर आत्ताच करा म्हणून, इंजिनाचे रबरी माउंट आणि इंजिनाकडच्या सगळ्या नळ्या, आणि दोन सिलिंडर, जे मोजल्यावर मर्यादेबाहेर निघाले. इंजिन उतरवणं, पेटी, ट्रक, परत चढवणं हे वेगळं. जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवर एकसारखा ५ टक्के आयजीएसटी आहे, तेवढा दिलासा.

विम्याचं तर डोक्यातच ठेवू नका. विमानाचा विमा अपघाताने झालेलं नुकसान भरून देतो. झीज, गंज आणि यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेले असतात. आम्हाला एक रुपया मिळाला नाही आणि पॉलिसी वाचल्यावर तक्रारीलाही जागा नव्हती. विमान उडत नसताना हँगरचं भाडं आणि विम्याचा हप्ता मात्र चालूच होता.

वेळ कामापेक्षा वाट पाहण्यात गेला. टॅपेटचा संच आला, तर बेअरिंग नाही. बेअरिंग आलं, तर त्याच्या प्रमाणपत्रातला भाग क्रमांक बिलाशी जुळेना. विमानाच्या कामात कागदाशिवाय आलेला भाग म्हणजे भंगार, आणि ते तसंच असायला हवं. घरच्यांनी या काळात फार सांभाळून घेतलं. मित्राच्या वडिलांनी, आमच्या आप्पांनी, एकदाच विचारलं, “ट्रॅक्टरचं इंजिन एवढ्यात किती येतात रे?” पण पैसे काढायची वेळ आली तेव्हा पहिला धनादेश त्यांनीच दिला.

नवं बांधलेलं इंजिन बसवल्यावर त्याला हळूहळू चालवायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला बसाव्यात म्हणून सुरुवातीचे तास साधं मिनरल तेल घालून पाऊण ताकदीच्या आसपास सलग उडायचं असतं, तेही कमी उंचीवर. हे काम मे महिन्यात भुसावळच्या उन्हात करणं शक्य नव्हतं, सिलिंडरचं तापमान आवरलं नसतं. थंडी पडेपर्यंत थांबलो. तेल पिणं कमी होऊन एका जागी स्थिर झालं तेव्हा रिंगा बसल्याचं कळलं आणि मग नेहमीचं तेल घातलं. विमान आता पहिल्या दिवसापेक्षा चांगलं चढतं.

आता आम्ही ठरवून उडतो. महिन्यातून निदान एकदा, सलग तासभर, तेल ७५ ते ९० अंशांपर्यंत तापेल असं. जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करणं याला पर्याय नाही, त्याने ओल आत तयार होते आणि जात नाही. हाताने पंखा फिरवून ठेवण्याची सवयही लायकॉमिंग नको म्हणते, उरलंसुरलं तेल पुसलं जातं. पावसाळ्यात ढग खाली आले आणि उडणं जमणार नसेल तर प्लगच्या जागी ओल शोषणारे डिहायड्रेटर प्लग बसतात. त्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे.

पैशांचा हिशोबही बदलला. सगळे ओव्हरहॉलचा खर्च दोन हजार तासांनी भागतात आणि तासाला चौदाशे रुपये बाजूला ठेवतात. आमच्यासारखे खासगी मालक वर्षाला शंभर तास उडाले तरी पुष्कळ. बारा वर्षांत बाराशे. म्हणून अठ्ठावीस लाख बाराशेने भागले, तासाला सव्वातेवीसशेच्या पुढे आले. आम्ही अडीच हजार वेगळ्या खात्यात टाकतो, पेट्रोल सोडून.

कुणी जुनं विमान बघत असेल तर एकूण तास नंतर विचारा, आधी लॉगबुकात सलग किती महिने कोरे आहेत ते मोजा. तेलाच्या प्रयोगशाळेचे जुने अहवाल मागा आणि लोखंडाचा आकडा चढता आहे का पाहा. विकणारा तयार असेल तर एक सिलिंडर उतरवून कॅम बघण्याचा खर्च तुम्ही करा. तो तयार नसेल तर किमतीतून ओव्हरहॉल वजा धरून बोलणी करा. दिवाळीनंतर आमचं पुढचं तेल बदलणं आहे. फिल्टर कसा कापतात आणि चुंबकाला काय आलं तर घाबरायचं, काय आलं तर नाही, हे साहेब दाखवायला तयार आहेत. जळगाव-धुळ्याकडचं कुणी खरेदीच्या विचारात असेल तर जरूर या.