लुधियानाचं सातपूर मीच केलं

लाज वाटते म्हणून आठ महिने गप्प होते. घरात सासूबाईंनाही खरा आकडा सांगितलेला नाही. इथे लिहिते: ७,७४,००० रुपये. मुलीला अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून 'प्रोफाइल बिल्डिंग'वर, म्हणजे अर्जात दाखवायचे उपक्रम आणि पुरस्कार विकत जमवण्यावर घातले.

मी नाशिकला एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, एकोणीस वर्षं. सातबाऱ्यावरची खाडाखोड मला लांबून दिसते. म्हणून "एवढं कसं कळलं नाही?" हा प्रश्न मला कोणी विचारू नका, मी तो रोज रात्री स्वतःला विचारते.

धंदा असा. पुण्यात कन्सल्टंटचं काचेचं ऑफिस, भिंतीवर हार्वर्ड-स्टॅनफर्डचे झेंडे, आणि "ताई, मार्क सगळ्यांनाच असतात, ॲक्टिव्हिटीज बोलतात." जून २०२३ला मुलगी अकरावीत गेली आणि आम्ही पॅकेज घेतलं. ४,००,००० आणि वर १८ टक्के जीएसटीचे ७२,०००. पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता. बँकेतली बाई मी, आणि तो पाहिला नाही! मग एकेक सुरू झालं. रिसर्च पेपर ८५,०००. मुलीच्या नावाने स्वयंसेवी संस्था आणि तिची वेबसाइट ६०,०००. दुबईची युवा नेतृत्व परिषद १,३८,५००. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या नामांकनाचे १८,५००. विद्यापीठांच्या अर्जांची फी यात धरलेली नाही.

पेपर आठ दिवसांत 'स्वीकारला' गेला. विषय आरोग्यसेवेतलं ब्लॉकचेन. मुलीला त्यातला एक परिच्छेद समजावून सांगता येत नव्हता. "आयएसएसएन नंबर आहे ना," म्हणाले. तो नंबर नियतकालिकाची नुसती ओळख असते, दर्जाचा शिक्का नव्हे. पैसे देऊन शाळकरी मुलांच्या नावावर पेपर छापून देण्याच्या या बाजारावर अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२३मध्येच सविस्तर लिहिलं होतं. मला ते वाचायला सापडलं पैसे गेल्यावर.

आता मुख्य गोष्ट. २८ ऑक्टोबर २०२४, वसुबारस. चकलीची भाजणी परातीत तशीच. अर्जांची १ नोव्हेंबरची पहिली मुदत चार दिवसांवर. त्यांनी ॲक्टिव्हिटीजची फाइल पाठवली. कॉमन ॲपमध्ये (अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) दहाच ॲक्टिव्हिटी लिहिता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, स्पेस धरून. दहाच्या दहा भरून आलेल्या. चौथ्या ओळीत माझी मुलगी लुधियानाच्या झोपडपट्टीत ३५० मुलींना गणित शिकवत होती.

लुधियाना! आपल्या देशात तिने मनमाडच्या पुढे उत्तरेला पाऊल टाकलेलं नाही.

फोन केला. तो हसला. "टेम्प्लेट आहे हो ताई, तुमच्याकडचं गाव टाका." इथे उठायला हवं होतं. मी काय केलं? लुधियाना खोडून आमच्या नाशिकचं सातपूर लिहिलं. ३५०चे १२० केले, म्हणजे जरा खरं वाटेल. स्वतःच्या हाताने. मुलगी बाजूला बसून बघत होती, काही बोलली नाही. मुदतीचा धाक होता, पाच लाखांहून जास्त आधीच गेले होते, "सगळेच करतात" हे सव्वा वर्ष कानावर पडत होतं. फॉर्मच्या शेवटी विद्यार्थी सही करतो की सगळी माहिती खरी आहे. ती सही तिची आहे, माझी नाही, हे मला सर्वांत जास्त टोचतं.

खरं जे होतं ते त्यांनी पहिल्याच मीटिंगला काढून टाकलं होतं. नववीपासून ती आजोबांच्या निफाडच्या द्राक्षबागेत सुट्टीला जायची, पाऊस, दव, डावणी रोगाचे डाग पहिल्यांदा कोणत्या ओळीत दिसले, हे वहीत लिहायची. तीन वह्या. "शेतीबितीत इम्पॅक्ट दिसत नाही." त्यावर प्रवेश मिळाला असता का, देव जाणे. पण कोणी विचारलं तर तिला तासभर बोलता आलं असतं.

जानेवारीत विचारलंच. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं (त्यांचा अर्ज वेगळा असतो) दरवर्षी काही अर्ज उचलून एखाद्या गोष्टीचा पुरावा मागतात. तिचा अर्ज निघाला, आणि मागितला पुरावा नेमका त्या स्वयंसेवी संस्थेचा. कन्सल्टंटचं उत्तर: "लेटरहेड आणि शिक्का करून देतो, १२,०००." तेव्हा माझे डोळे उघडले, तेव्हा! त्या रात्री आम्ही अकराच्या अकरा ठिकाणचे अर्ज मागे घेतले.

आणि कन्सल्टंटच्या ज्या 'शंभर टक्के स्कॉलरशिप'वर आम्ही भाळलो, ती? कॅलिफोर्नियाची ती विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना गरज बघून मदत देतच नाहीत. ऐपत न बघता परदेशी मुलांना घेणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच. हे त्यांच्याच वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतं. अमेरिकन सरकारच्या एज्युकेशनयूएसएचे सल्लागार मुंबईत बसतात, त्यांना विचारा आधी.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "पुण्याचं ऑफिस ना, मग पुण्यात जा." तिसऱ्यांदा, "सेवा दिली ना त्यांनी? दिवाणी बाब आहे." मी न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ म्हटलं तर शेजारचा हवालदार हसला. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला, तर म्हणे ओटीपी कोणी घेतला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. "कंपनीने उत्तर दिले आहे" एवढा मेसेज येऊन ती बंद झाली. काय उत्तर दिलं, ते मला कोणी सांगितलं नाही. एका अधिकाऱ्याने मात्र चष्म्यावरून बघत विचारलं, "खोटं तुम्हीच भरलंत ना मॅडम?" त्याच्यावर चिडले, रिक्षात रडले. मुलीला घेऊन स्वप्नं बघणं हा गुन्हा आहे का? आणि असेल तर विकणाऱ्याला काहीच नाही?

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, राहत्या जिल्ह्यात करता येते. पाच ते दहा लाखांसाठी फी फक्त २०० रुपये, दोन वर्षांच्या आत करा. सगळं व्हॉट्सॲप जपून ठेवा, मी निम्मं रागात डिलीट केलं. शिफारसपत्रासाठी शिक्षकांच्या नावाने नवं जीमेल काढू म्हणाले तर त्याच मिनिटाला पैसे मागा. पावती नीट वाचा. तुमच्या मुलाच्या लॉगिनचा पासवर्ड कोणालाही देऊ नका, आम्ही दिला होता.

मुलगी आता नाशिकमध्येच बीएस्सी करते. आयोगात दोन तारखा झाल्या, दोन्ही वेळा त्यांच्या वकिलाने मुदत मागून घेतली. त्यांच्या इन्स्टाग्रामवर तिचा फोटो अजून आहे, खाली 'फाउंडर' लिहिलेला. काढा म्हणून चार मेल केले. परवा बघितलं तर त्याला आणखी लाइक्स आले होते.