स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा लिहिताय? मग इटरेटर कुणासारखा ठेवायचा ते आधी ठरवा

पार्सर (कोड वाचून समजून घेणारा भाग) झाला, फॉर लूप लिहायला घेतला आणि इथेच गाडी अडते, लूपला एकेक व्हॅल्यू काढून देणारा इटरेटर कसा ठेवायचा? जावाचं बघून हॅजनेक्स्ट (अजून आहे का?) आणि नेक्स्ट (पुढचं दे) अशा दोन मेथड ठेवायचा मोह होतो, वाचायला छान वाटतं ना. पण फाइलमधून ओळी वाचताना बघा, अजून ओळ आहे का हे सांगायला ती ओळ आधी वाचूनच बघावी लागते, मग ती कुठेतरी सांभाळून ठेवा, आणि कोणी हॅजनेक्स्ट लागोपाठ दोनदा विचारलं तर एक ओळ गायब व्हायला नको हेही बघा. मी हे एकदा चुकवलंय, एक आड एक ओळ छापली जात होती आणि मी अर्धा दिवस फाइललाच शिव्या घालत होतो.

पायथनमध्ये एकच मेथड, संपलं की स्टॉपइटरेशन एक्सेप्शन. सुटसुटीत आहे, पण जनरेटरच्या (यील्डने एकेक व्हॅल्यू देणाऱ्या फंक्शनच्या) आत चुकून तेच एक्सेप्शन उडालं की लूप गुपचूप थांबायचा, ना एरर ना काही. शेवटी ३.७ पासून त्याचा रनटाइमएरर करावा लागला. लुआत निल (म्हणजे ‘काहीच नाही’) आलं की संपलं, म्हणजे यादीतलं निल त्या वाटेने देताच येत नाही.

रस्टचं मला सगळ्यात पटतं. नेक्स्ट एकतर सम (ही घे व्हॅल्यू) देतो नाहीतर नन (संपलं), आणि डेटातच नन असेल तर तो समच्या आत गुंडाळून येतो, घोळ नाही. तुमच्या भाषेत ऑप्शनसारखा (सम किंवा नन असा) टाइप असेल तर फार विचार न करता हेच घ्या, नसेल तर पायथनची वाट.

गोने १.२३ मध्ये (ऑगस्ट २०२४) उलटी तऱ्हा आणली, इटरेटर म्हणजे फंक्शन आणि ते तुमच्या यील्डला (म्हणजे फंक्शन म्हणून दिलेल्या लूपच्या आतल्या कोडला) एकेक व्हॅल्यू देत सुटतं. ट्री फिरायला झकास, साधं रिकर्शन लिहा की झालं, फक्त यील्डने फॉल्स दिलं की थांबायचं. पण दोन याद्या जोडीने चालवायच्या म्हटल्या की इटर पुल (हवी तेव्हा पुढची व्हॅल्यू मागून घ्यायची सोय) लागतं आणि मध्येच सोडलं तर स्टॉप बोलवायची आठवण ठेवावी लागते.

आता बिल्ट-इन टाइप. लिस्टने दर वेळी नवीन इटरेटर द्यावा, स्वतः इटरेटर बनू नये. पायथनमध्ये मॅपचा (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्याचा) रिझल्ट स्वतःच इटरेटर असतो, म्हणून दुसऱ्यांदा लूपमध्ये घातला की रिकामा, नवशिके हमखास फसतात.

स्ट्रिंगचं तर विचारूच नका. 'क्षि' घ्या. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) १२ बाइट, कोड पॉइंट (युनिकोडने दिलेले क्रमांक) ४, आणि आपल्याला दिसतं एकच अक्षर. पायथन न विचारता ४ फेऱ्या मारतो, गोचा रेंजही ४, पण गोमध्येच इंडेक्सने गेलात तर बाइट हातात येतात. रस्ट थेट फॉर चालूच देत नाही, कॅर्स (कोड पॉइंट) की बाइट्स ते आधी सांगा म्हणतो. जरा कटकट आहे, पण मी तरी तीच ठेवीन.