वेदर स्टेशन नऊ महिने वापरल्यावर: दुपारचं तापमान चढं का दिसतं?

स्क्रीनवर तापमान दशांशासकट दिसतं, पण माझ्या माहितीपत्रकात अचूकता ±1 अंश अशी छापली होती. दुपारचे आकडे मला पहिल्यापासूनच चढे वाटत होते, म्हणून तपासायला घेतलं.

आधी बर्फ. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ गच्च भरला आणि फटी बुजतील एवढंच गार पाणी ओतलं. पाणी जास्त झालं की बर्फ वर तरंगतो आणि तळाचं पाणी 4 अंशांपर्यंत राहू शकतं; इथेच बहुतेकांची चाचणी फसते. वायरचा सेन्सर पातळ पिशवीत घालून, आतली हवा काढून मधोमध खोचला. वीस मिनिटांनी आकडा 0.4 वर थांबला. यायला हवा होता 0.0. मग बादलीतल्या कोमट पाण्यात, कॅलिब्रेट केलेल्या काचेच्या थर्मामीटरशेजारी 35 अंशांच्या आसपास पाहिलं. तिथेही तेवढाच जास्त. ही दुसरी चाचणी कृपया टाळू नका, फरक दोन्हीकडे सारखा असेल तरच सेटिंगमध्ये एक आकडा वजा करून भागतं. मी 0.4 वजा केले.

त्यानंतर पहाटेचे आकडे जुळू लागले. दुपारचे नाहीच.

सेन्सर शेवटी स्वतःचं तापमान सांगतो, हवेचं नाही. वारा पडलेल्या एका दुपारी टेबलफॅन आणून थेट सेन्सरभोवतीच्या, ऊन अडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या आवरणावर सोडला. दहा मिनिटांत 36.8 चे 34.5 झाले! पंख्याने हवा गार होत नाही. म्हणजे ते 2.3 अंश तापलेल्या प्लॅस्टिकचे. वेधशाळेतल्या पांढऱ्या स्टीव्हन्सन पेटीलाही झडपा असतात, पण ती ऐसपैस असते. आपल्या तळहाताएवढ्या आवरणात वारा नसला की हवा कोंडते. हा फरक सेटिंगमध्ये मुळीच वजा करू नका, रात्रीचे आकडे बिघडतील.

आवरणाच्या चकत्यांवरची धूळ धुतली, थोडा फरक पडला. खरा उपाय ठरला कॉम्प्युटरचा छोटा पंखा. तो सेन्सरच्या वर बसवला, हवा खालून ओढून वर टाकेल असा, म्हणजे मोटारीची ऊब सेन्सरला लागत नाही. आता कडक उन्हातही फरक अर्ध्या अंशाच्या आत आहे.

आर्द्रतेचे आकडेही सुधारले. हवा खरी 30 अंश आणि 60 टक्के असताना सेन्सर 32 पर्यंत तापला, तर तो आर्द्रता 53 टक्क्यांच्या आसपास दाखवतो. उन्हाळाभर मी ती हवा कोरडी समजत होतो.