एसई ४ चं कव्हर, १६ई चा फोन

जो फोन कधी बाजारात आलाच नाही, त्याचं कव्हर माझ्याकडे आहे. खोक्यावर ठळक अक्षरात ‘आयफोन एसई ४’ छापलंय. जानेवारी २०२५ मध्ये भाच्याने ऑनलाइन मागवलं, २४९ रुपयांत. म्हटलं, अरे, बाजारात तुरी! तर म्हणतो, “मावशी, डमीवरून, म्हणजे फोन येण्याआधी फिरणाऱ्या नमुन्यावरून बनवलंय, मापात चपखल बसणार.”

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजचे साठ-सत्तर डबे, ऑर्डरी सगळ्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. २०२० च्या दिवाळी सेलमध्ये घेतलेला आयफोन एसई, ॲपलचा तो स्वस्तातला, लहानसा, खाली गोल बटण असलेला, चार वर्षं बिनतक्रार चालला. २०२४ च्या दिवाळीत बॅटरीची क्षमता ७७ टक्क्यांवर आली. दुपारी दोनला फोन मान टाकायचा. बॅटरी बदलायला निघाले होते, पायात चप्पल होती, तेवढ्यात भाचा आडवा आला. “थांब. एसई ४ येतोय. आता जुन्यावर पैसे घालू नकोस.”

थांबले. आणि मग पाच महिने आमच्या घरी त्या न आलेल्या फोनचा पाहुणचार चालू होता.

तेव्हा कळलं की या फोनच्या वावड्या २०२२ पासूनच्या. आधी तो जुन्या आयफोन एक्सआरसारखा दिसणार होता, नंतर आयफोन चौदासारखा. मिंग-ची कुओ म्हणून एक विश्लेषक आहेत, ॲपलच्या पुरवठादारांकडचं त्यांना आधी कळतं म्हणे. जानेवारी २०२३ मध्ये ते म्हणाले, हा फोन रद्द झाला. फेब्रुवारीत तेच म्हणाले, नाही, काम पुन्हा सुरू झालंय. लग्न मोडलं, लग्न जमलं, तशी बातमी! भाचा मात्र ती तारीखवार सांगायचा. फोनला म्हणे ६.१ इंची ओलेड पडदा, चेहऱ्याने उघडणारा, यूएसबी-सी, मागे एकच ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ॲपलचा स्वतःचा मोडेम, म्हणजे नेटवर्क पकडणारी चिप. गोल बटण जाणार हे ऐकून मी हळहळले, पण त्याला ती हळहळ मागासलेपणाची वाटली.

नावाचीही गंमत. डिसेंबरात चीनमधून कुणीतरी पुडी सोडली की याचं नाव १६ई असेल. भाच्याने ती झटकून टाकली. जानेवारीत एक चित्र फिरलं, त्यात पडद्यावर वर डायनॅमिक आयलंड, म्हणजे गोळीच्या आकाराची काळी पट्टी होती. त्यावर त्याने लगेच विश्वास ठेवला. झालं बरोबर उलटं. १९ फेब्रुवारीला फोन आला तो १६ई नावानेच, आणि पडद्याच्या वरच्या कडेला आपली जुनी खाच.

खरा दणका किमतीचा. भाच्याने ४५ ते ५० हजार सांगून ठेवलं होतं. मीही भिशीचा हिशोब तेवढाच धरलेला. निघाले ५९,९००. आधीचा एसई २०२२ मध्ये ४३,९०० ला आला होता, आणि तोही याच दिवशी विक्रीतून काढून टाकला. म्हणजे लहान फोन हवा असणाऱ्यांना मागे फिरायलाही वाट नाही. भाच्याचे बाकी सुटे भाग बरोबर निघाले हो, बेरीज तेवढी चुकली.

तरी गुढीपाडव्याला घेतला. पांढरा. (काळा नाहीतर पांढरा, तिसरा रंगच नाही.) आता पाच महिने वापरून सांगते.

ज्या गोल बटणासाठी मी हळहळले होते ते आता आठवतही नाही. कणकेच्या अंगठ्याला ते कधीच ओळखायचं नाही. मग बोटाच्या पेराने सहा आकडे दाबा, तोवर समोरच्याने फोन ठेवलेला. आता नुसतं वाकून बघायचं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, तरी उघडतो. मास्कसकटची ओळख सेटिंगमध्ये एकदा करून द्यावी लागते, ती मात्र विसरू नका. बाजूच्या ॲक्शन बटणावर मी व्हॉइस मेमो लावलाय. पोळी तव्यावर असताना बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, “पाटीलकाकू, चार पोळ्या जास्त, उसळ तिखट नको.” माझ्यासाठी अर्धी किंमत इथेच वसूल.

बॅटरी दणदणीत. पहाटे पाचला चार्जिंगवरून काढते, रात्री हिशोब लिहिताना तीस-पस्तीस टक्के उरलेली असते. कॅमेरा एकच, पण ट्यूबलाइटखाली भरल्या वांग्याचा कट जसा दिसतो तसा येतो, लाल-काळा, फटफटीत नाही. २x झूमवर एका ताटाचा फोटो झकास. पण रुंद लेन्स नसल्यामुळे ओट्यावरचे सगळे डबे एका फोटोत घ्यायचे तर मागे सरकत सरकत पाठ फ्रीजला टेकते. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदाच चित्र बदलणारा, म्हणून लोक नाकं मुरडतात, मला फरक कळला नाही. फोन आकाराने मोठा आहे हे मात्र कळलं. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि दुसऱ्या हातात लाटणं असतं.

आणि मॅगसेफ नाही, म्हणजे चुंबकी वस्तूंना चिकटायला मागे लोहचुंबकच नाही. हे समजलं तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प बसलेला पाहिला, कारण भिंतीवर चिकटवायचा चुंबकी स्टँड त्याने आधीच आणून ठेवला होता, ओट्याच्या वर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला.

मग ते २४९ चं कव्हर काढलं. बसलं. कॅमेऱ्याचं भोक, बटणाची जागा, सगळं जिथल्या तिथे. आणि कव्हराच्या पाठीला गोल चुंबकी कडी. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं की फोनला मॅगसेफ असणार! अफवेवर बेतलेल्या कव्हराने फोनची उणीव भरून काढली. तेव्हापासून फोन भिंतीवर कव्हरासकट लटकतो, आणि खाली कढईत फोडणी.

घ्यावा का? जुन्या, बटणवाल्या फोनवरून येत असाल आणि बॅटरी महत्त्वाची असेल, तर घ्या, पण सेलमध्ये. लहान फोन हवा म्हणून एसईची वाट बघत होतात, तर हा तो नव्हे.

जुना एसई कामाला येणाऱ्या ताईंना दिला. देण्याआधी चौकातल्या दुकानात बॅटरी बदलून घेतली, अठराशे रुपये. आता त्यांच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत चालतो. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.