लिनक्सचं पॅकेज कुणी बांधायचं, तुम्ही की डिस्ट्रोवाल्यांनी?

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्यांसाठी तुम्ही हिशेबाचा प्रोग्राम लिहिलाय. सोयाबीन-तुरीचं वजन टाकलं की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. सोर्स खुला आहे. आता त्याचं पॅकेज, म्हणजे संगणकावर थेट बसवता येणारी डेब किंवा आरपीएम फाइल, कुणी बांधायची? तुम्ही, की डेबियन, उबुंटू, फेडोरासारख्या डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे लिनक्स तयार करून वाटणाऱ्यांनी?

स्वतः बांधलंत तर काम झटपट होतं. हमालीचा दर बदलला, रात्री दुरुस्ती केली, सकाळी दुकानात पोचली. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, हे जमत नाही. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधे फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या मिळतात. आणि जुन्या आवृत्तीची तक्रार येते ती तुमच्याकडेच! एक्सस्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झाविन्स्की २०१६ मध्ये याच कारणानं डेबियनवर भडकले होते.

पण स्वतः बांधायचं म्हणजे किती डोकेदुखी, ते एका फॉन्टवरून कळतं. पट्टीवर मराठी नावांच्या जागी चौकोन उमटू नयेत म्हणून लोहित फॉन्ट हवा. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’. पॅकेजची माहिती लिहायला डेबियनला कंट्रोल फाइल लागते, फेडोराला स्पेक फाइल. प्रोग्राम वापरतो त्या प्रत्येक लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडचं, असंच, आणि डिस्ट्रोची नवी आवृत्ती आली की पुन्हा सगळं तपासा.

डिस्ट्रोचा मेंटेनर, म्हणजे तिथं पॅकेज सांभाळणारा माणूस, हे अंगावर घेतो, शिवाय लायसन्स बघतो, नियमात बसवतो. तोही चुकतोच म्हणा. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल (माहिती गुप्त ठेवणारी लायब्ररी) पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या अंदाजानं ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि हे उघड व्हायला मे २००८ उजाडलं. मूळ लेखकांचा कोड ठीक होता. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामातलं मागचं दार, म्हणजे घुसखोरीसाठी लपवलेली वाट, मूळ प्रकल्पाच्याच टारबॉलमधून (सोर्सच्या गठ्ठ्यातून) आलं. नव्या आवृत्त्या आधी जिथं येतात त्या डेबियन अनस्टेबलपर्यंत ते पोचलं, पण स्टेबल वाचलं. ज्या संथपणाला वर नावं ठेवली, त्यानंच तारलं.

माझं म्हणाल तर, या प्रोग्रामचं पॅकेज सध्या तुम्हीच बांधा, पण एकाच डिस्ट्रोसाठी. गिऱ्हाइकांकडे बहुतेक उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) असेल तर तेवढंच डेब, स्वतःच्या डिजिटल सही केलेल्या रेपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजं उतरवून घ्यायच्या साठ्यातून. मोंढ्याबाहेर ज्याला कुणी ओळखत नाही, त्यासाठी मेंटेनर आपणहून येणार नाही. फ्लॅटपॅक हा पॅकेजचा प्रकार सगळ्या डिस्ट्रोंवर चालतो, पण पहिल्यांदा रनटाइमसाठी (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या सामायिक लायब्ऱ्यांसाठी) शेकडो एमबी उतरवायला लागतात, आणि दुकानातलं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतं.

सोर्स मात्र आजपासून नीट ठेवा. लायसन्सची फाइल घाला, दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या आत कोंबू नका, बिल्ड इंटरनेटशिवाय झालं पाहिजे. उद्या एखादा मेंटेनर आलाच तर पॅकेज त्याच्या हवाली करा. फक्त तुमची रेपॉझिटरी चालू ठेवणार असाल तर आवृत्ती क्रमांकाचं आधी त्याच्याशी बोलून घ्या. दोन्हीकडे एकाच नावाचं पॅकेज असलं की एपीटी, म्हणजे डेबियन-उबुंटूवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम, सहसा वरचा क्रमांक उचलतो.