एआयकडून जुन्या छपाईचा लुक: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले, एआयकडून जुन्या छपाईसारखी चित्रं काढून घेतेय. लिनोकट (लिनोलियमवर कोरून केलेली छपाई), शिळाछाप (दगडावरून छपाई, म्हणजेच लिथोग्राफ), ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छपाई), काडेपेटीवरची लेबलं, सगळं करून पाहिलंय.

पहिला महिना मी प्रेमातच होते. 'व्हिंटेज लिथोग्राफ' एवढं टाकलं की पिवळा कागद, उडालेला रंग, कोपऱ्यात डाग, मिनिटभरात हजर. मग चोरबाजारातून आणलेलं काडेपेटीचं जुनं लेबल आणि माझं चित्र शेजारी ठेवून भिंगातून बघितलं. लेबलात मोजून तीन रंग, हिरवं दिसतं तिथे पिवळ्यावर निळा चढलाय. माझ्या चित्रात छटाच छटा आणि डॉट्स कुठे गोल तर कुठे मुंग्यांसारखे.

म्हणजे एआय जुनेपणा देतं, छपाई देत नाही. रविवर्मांचा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, चित्र दगडावर उलटं काढायचं, आणि दगडाच्या ओल्या भागाला तेलकट शाई धरत नाही एवढ्यावर सगळा खेळ. देवादिकांच्या चित्राला भरपूर दगड लावतील, पण काडेपेटीच्या लेबलाला कोण लावणार? दोन-तीन रंगांत भागवायचं. तो लुक त्या भागवण्यातून आलाय.

आता मी फक्त काळं-पांढरं मागते, जाड रेषा, सपाट भाग, शेडिंग नको म्हणून स्पष्ट लिहिते. मग क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन लेयर, प्रत्येकाला एकच रंग, वरच्या दोन लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग वरच्यातून दिसतो, आणि जुन्या छपाईत रंग जरा सरकलेला असायचा तसा लाल जेमतेम दोन पिक्सेल सरकवते, त्याहून जास्त केलं की चूक वाटते. हाफटोन, म्हणजे ठिपक्यांनी केलेल्या छटा, टाकून पाठवलेल्या फाइलला छापताना जाळी पडली, पन्नास कॉपी वाया गेल्या. लोअर परळच्या गाळ्यातले छापखान्याचे काका म्हणाले, "अगं डॉटवर परत डॉट पडले, जाळी येणारच. तीन रंग सपाट दे, प्लेटा आम्ही वेगळ्या काढतो." तेव्हापासून तसंच.

अक्षरं तर एआयकडून अजिबात घेऊ नका. जोडाक्षरं मोडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. मुंबईतले जुने छापखानदार गणपत कृष्णाजींनी १८३१ ला पंचांग शिळाछापावर काढलं, त्या पद्धतीत अक्षर हातानेच लिहिलेलं असायचं, म्हणून मीही बोरूने लिहून स्कॅन करते आणि ते चित्रात खरंच मुरतं.

लिनोकट सगळ्यात बरा जमतो. तरी हाताने लिनो कापणाऱ्या मैत्रिणीने एक प्रिंट बघून लगेच बोट ठेवलं, "ही रेघ पात्याने येणारच नाही." चेहरा कोरताना गालाच्या गोलाईबरोबर हत्यार वळतं, एआयची रेघ कुठेही सुटते. अशा रेघा आता एकेक पुसून परत काढते, एका चित्राला तीन-चार तास जातात. दिवाळी अंकाला चित्र देताना 'एआयच्या मदतीने' असं छापायला सांगते, लिनोकट म्हणून देत नाही, कारण खरा लिनो कापणाऱ्याचे त्यात आठवडे जातात.

सबस्क्रिप्शन चालू ठेवलंय, पण लिनो आणि लेबलांपुरतंच. शिळाछापातल्या खडूचा तो दाणेदार पोत मी परत हाताने काढायला लागलेय.